धुकं बघायला भर दुपारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना गोड बोलता येत नाही आणि मला गोड बोलणाऱ्यांचा संताप येतो, म्हणून आमचं जमतं. त्या दिवशी तपासणी झाल्यावर त्यांनी धाकट्याला बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं आणि मला म्हणाल्या, "कडा तर गेल्याच आहेत. मधलं थोडं उरलंय, पण ते वर्षभर टिकेल असं काही मी म्हणणार नाही. त्यांना काही बघायचं राहिलं असेल तर बघून घेऊ दे."

"काही म्हणजे काय?" मी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा ना. तुम्हीच सगळं ठरवू नका."

बाई मला चांगल्या ओळखतात.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस नावाला उरले, तरी घरात धाकटाच. त्याच्या डोळ्यांचा आजार असा की आधी रात्र गेली. दिवेलागणीनंतर त्याला काही म्हणजे काही दिसेना. मग बाजूचं जायला लागलं. आधी दाराची चौकट, मग बाजूने येणारी सायकल, मग शेजारी बसलेला माणूस. आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही लख्ख उजेड असेल तर. बायको केव्हाच सोडून गेली, तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. आणि आमच्या घरात नियम असा की धाकट्याचं बाहेरचं काम भर दुपारी करायचं. न्हावी दुपारी, बँक दुपारी, कुणाला भेटायचं तरी दुपारी. लोकांच्या झोपा मोडतात, त्याला आमचा इलाज नाही.

दिसत होतं तोवर त्याने नाटकांचे पडदे रंगवले. मागचे, मोठे, भिंतीएवढे. राजवाडा, जंगल, समुद्रकाठ, काय हवं ते. पण काहीही रंगवलं तरी कुठल्यातरी कोपऱ्यात धुकं असायचंच. खुनाचा खटला चाललाय आणि न्यायालयाच्या खिडकीबाहेर धुकं! नाटकवाले त्याला धुकेराव म्हणायचे. तो हसायचा आणि पुढच्या पडद्यावर आणखी थोडं धुकं घालायचा.

हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. मिसरूड फुटायच्या वयात त्याने एका मासिकात एक चित्र पाहिलं. रेशमावर काढलेला लांबलचक पट, कित्येक शतकांपूर्वीचा, पूर्वेकडच्या कुणा चित्रकाराचा. डोंगर, डोंगरांच्या मधे धुकं, धुक्यात अर्धवट दिसणारी झाडं. ते पान त्याने कापून घेतलं आणि पुढे कामाच्या जागी भिंतीवर डकवलं. तेव्हापासून त्याला एकच प्रश्न पडलाय. ते धुकं त्या माणसाने रंगवलंय की तिथे कापड नुसतं कोरं सोडलंय? छापलेल्या कागदावर ते कळत नाही. धाकटा स्वतः पांढऱ्याचे हात मारून मारून धुकं करायचा आणि काम झालं की म्हणायचा, "नाही जमलं. हे धुकं बसलंय. त्याचं उठतं."

घरी आल्यावर मी मशीनवर एका पँटचा घेर कमी करत बसले. मी कपडे दुरुस्तीची कामं घेते. हातात काम असलं की मला अवघड बोलता येतं. मान वर न करता विचारलं, "काय रे, काही बघायचंय का तुला?"

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, हे त्याने विचारलं नाही. म्हणजे त्याला कळलंच होतं.

"ते चित्र," तो म्हणाला. "खरं. एकदाच."

मी मशीन थांबवलं.

ते चित्र आशियाई कलेच्या एका संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय आमच्यापासून आगगाडीने सकाळभराच्या अंतरावर. एवढं काही लांब नाही. इतकी वर्षं का गेलो नाही, तर ते पट वर्षानुवर्षं गुंडाळून पेटीत ठेवतात. सात-आठ वर्षांतून एकदा, थोडे आठवडे बाहेर काढतात, की पुन्हा पेटीत. मागच्या खेपेला धाकट्याच्या अंगावर तीन नाटकांची कामं होती, "पुढच्या वेळी बघू" म्हणाला. त्याच्या आधी आम्हाला पत्ताच नव्हता. आणि आता मी चौकशी केली तर पट बाहेर काढलेला होता, याच वर्षी, याच महिन्यात! मी देवाला हात जोडले. मग संग्रहालयाला फोन लावला आणि हात खाली आले. जागा भरल्या होत्या. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, पाव तासासाठी, आणि सगळ्या तुकड्या शेवटच्या दिवसापर्यंत भरलेल्या.

"कुणी जागा सोडली तर कळवा," मी म्हणाले.

"आम्ही कळवत नाही, ताई. तुम्हीच फोन करून विचारायचं."

मग काय, मी फोन करत सुटले. सकाळी मशीनवर बसायच्या आधी एक, जेवण झाल्यावर एक, आणि मधे जीव कासावीस झाला तर आणखी एक. फोनवरची ती मुलगी माझा आवाज ओळखायला लागली. मी "हॅलो" म्हटलं की ती म्हणायची, "नाही हो, आज पण नाही." एकदा मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. तिच्या बापाचे डोळे जाणार असते तर तिने काय केलं असतं, असं काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करताना माझी मलाच लाज वाटत होती, पण केला.

इकडे घरात आमच्या ह्यांनी तयारी सुरू केली. हे बसच्या डेपोत वेळापत्रकं करायचे. निवृत्त झाले तरी अंगातला डेपो गेला नाही. जेवणाच्या टेबलावर मोठा पुठ्ठा आला, त्यावर आगगाडी, बस, चालायचा रस्ता, सगळं आखलं गेलं. रस्ता कुठे ओलांडायचा, सावलीतून जायचं की उन्हातून. उन्हातून, अर्थात.

"अहो, जागा मिळू तर दे आधी," मी म्हणायची.

"गाडी नसली तरी वेळापत्रक लागतंच गं," हे म्हणायचे.

आणि मी त्या फोनवरच्या मुलीला जागा नसली तरी बाकीचं विचारून घ्यायची. पायऱ्यांना कठडा आहे का? कोणत्या बाजूला? पायऱ्यांच्या कडेला पट्टी आहे का? दारं काचेची आहेत का, कारण काचेच्या दारावर तो आपटतो. फरशी गुळगुळीत की खरखरीत? संडास कुठे? आत बसायला बाक आहे का? ती बिचारी उठून बघून यायची आणि सांगायची. मला वाटायचं, आता काही म्हणजे काही राहिलेलं नाही.

धाकट्याचं वेगळंच चाललं होतं. तो डोळे राखून वापरायला लागला. वर्तमानपत्र बंद. टीव्ही बंद. दाढीसुद्धा हाताने चाचपत करायचा. "जेवढं उरलंय तेवढं तिकडे न्यायचंय," म्हणाला. वापरून डोळे संपत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. खिडकीशी डोळे मिटून बसलेला तो दिसला की माझ्या हातातली सुई थांबायची.

शेवटचा आठवडा लागला. मी फोन केला तर ती मुलगीच आधी बोलली, "आहेत! दोन तुकड्यांत दोन-दोन जागा आहेत. एक गुरुवारी संध्याकाळी, दिवे लागल्यानंतरची. आणि एक शेवटच्या दिवशी दुपारी बाराची. ती अगदी शेवटची तुकडी आहे, त्यानंतर पट काढणार. कुठली देऊ?"

"दुपारची," मी म्हणाले. क्षणभरही विचार केला नाही.

"गुरुवारची घेतलीत तर बरं नाही का? काही अडचण आली तर शेवटचा दिवस हाताशी राहील."

"अहो, त्याला संध्याकाळी दिसत नाही! दुपारचीच द्या."

फोन ठेवला आणि मी ओरडले. हे धावत आले, धाकटा चाचपडत आला. मी त्याला मिठी मारली. त्या दिवशी घरात तीनदा चहा झाला. संध्याकाळची जागा देऊ करणाऱ्या त्या मुलीच्या अकलेवर आम्ही तिघंही हसलो.

जायच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उन्हाकडे बघून मला आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. गाडी वेळेवर, बस वेळेवर, ह्यांचा पुठ्ठा पास झाला. धाकट्याने चांगला शर्ट घातला होता. संग्रहालयाच्या समोर आलो तेव्हा त्याने मान इकडून तिकडे फिरवत दारावरची मोठी अक्षरं एकेक करून वाचली. सगळी वाचली! मग माझा हात सोडला आणि कठडा धरून माझ्या पुढे पायऱ्या चढला. पुढे! कित्येक वर्षांत मी त्याची पाठ अशी पाहिली नव्हती.

जागा दोनच होत्या, म्हणून हे बाहेर झाडाखाली थांबले. "सावकाश बघा रे," म्हणाले.

आत गेल्यावर तिकीट दाखवलं, पिशवी ठेवली, आणि बाकीच्या माणसांबरोबर एका लांब बोळातून निघालो. दोन्ही बाजूंना मूर्ती, घडे, काय काय होतं. मी काही पाहिलं नाही, माझं लक्ष त्याच्या पायांकडे. बोळ पुढे पुढे काळवंडत गेला. शेवटी एक जाड पडदा. धाकट्याने तो बोटांनी चाचपला. "मखमल आहे," तो खुशीत म्हणाला. "आपल्या थिएटरसारखा." दालनावरच्या बाईंनी पडदा बाजूला केला आणि आम्ही आत गेलो.

आत अंधार होता.

अगदी काळोख नव्हे. मला दिसत होतं. समोर एक लांब काचपेटी, तिच्यात कुठूनतरी झिरपल्यासारखा अंधुक पिवळट उजेड. बाकीच्या लोकांनी "अहाहा" केलं. आणि धाकटा भिंतीकडे तोंड करून, मान पुढे काढून, हात किंचित पसरून उभा राहिला.

"ताई," तो हळू म्हणाला, "दिवे कधी लावणार?"

कठडा, पट्टी, फरशी, संडास, सगळं विचारलं होतं मी. उजेडाचं विचारलं नव्हतं. आमच्या घरात तो प्रश्न कुणाला पडणारच नव्हता. आमच्याकडे चित्र म्हणजे पडदा, आणि पडदा म्हटला की त्याच्यावर चारी बाजूंनी दिवे मारायचे. चित्र अंधारात ठेवतात, हे आमच्या तिघांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

मी त्याला खांद्याला धरून वळवलं, काचेच्या समोर आणलं. "इथे. आता दिसतंय?"

"थांब. उन्हातून आलोय. डोळे रुळतील."

आम्ही थांबलो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो डोळे फाडून बघत होता, मग मिटत होता, मग पुन्हा फाडत होता. लोक आमच्या बाजूने सरकत होते, एकमेकांना बोटं दाखवत होते. त्याच्या कपाळावर घाम आला. मी दालनावरच्या बाईंना गाठलं.

"दिवे वाढवा ना हो थोडे. माझ्या भावाला दिसत नाही."

"वाढवता येत नाहीत, ताई. उजेडाने रेशीम खराब होतं. रंग उडतात."

"दोन मिनिटं. फक्त दोन!"

"माझ्या हातात नाही हो. बटणसुद्धा इथे नाही."

"मग त्याला इथे बसू द्या. अंधाराला सरावला तर कदाचित…"

"ही शेवटची तुकडी आहे. तुमच्यानंतर लगेच काढणार आहेत. माणसं येऊन थांबलीत." त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पण मला त्या वेळी त्यांच्या कोटाची बटणं तेवढी दिसत होती आणि ती तोडून टाकावीशी वाटत होती.

"चित्राला एवढं जपता," मी ओरडले, "आणि माणसाला नाही? त्याचे डोळे जाणार आहेत! पुढच्या वेळी तुम्ही हे काढाल तेव्हा त्याला काय दाखवू मी?"

सगळं दालन माझ्याकडे बघायला लागलं. बाई म्हणाल्या, "ताई, हळू. पाचच मिनिटं राहिलीत."

पाच मिनिटं. माझं डोकं चालेना. मी परत त्याच्यापाशी गेले, कमरेला खोचलेला मोबाईल काढला, आणि त्याची बॅटरी लावली.

कुणीतरी किंचाळलं. बाई धावत सुटल्या. उजेडाचा झोत फरशीवर पडला, मी तो काचेकडे वळवायला हात उचलला, आणि धाकट्याने माझा हात पकडला. तेवढा झोत त्याला दिसला असणार. त्याने चाचपून मोबाईलवर तळवा ठेवला, घट्ट.

"बंद कर, ताई."

"सोड. बघून घे तू. बघ लवकर!"

"बंद कर म्हणतो ना. रंग जाईल त्याचा."

"जाऊ दे ना! जाऊ दे मेला!"

"नाही," तो म्हणाला. माझ्यापेक्षा धाकटा, कधी वरच्या आवाजात न बोलणारा, आत्ताही नाही. "मी पडदे रंगवलेत. दिव्यांखाली निळा कसा मरतो ते मी पाहिलंय. एका हंगामात राख होते त्याची. हे इतकी शतकं टिकलंय. माझ्यासाठी नको."

त्याच्या हाताला जोर होता. मी बॅटरी बंद केली. बाई धापा टाकत येऊन उभ्या राहिल्या. उरलेला वेळ तो काचेसमोर तसाच उभा राहिला, हात मागे बांधून, इतर लोक उभे होते तसा. मी त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मग घंटा वाजली.

बाहेर पडलो तर ऊन जसंच्या तसं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी तो थांबला, कठडा धरला, उन्हाकडे तोंड केलं. नाक पुसलं. जरा वेळाने त्याचा आवाज सारखा झाला.

"बरं," तो म्हणाला, "सांग आता. धुक्याला रंग होता, की कापड सोडलं होतं?"

मी तोंड उघडलं.

मला बाईंच्या कोटाची बटणं आठवली. बाक आठवला, पडदा आठवला, त्याच्या कपाळावरचा घाम, त्याची ताणलेली मान, फरशीवर पडलेला झोत. काचपेटी आठवली, तिच्या आतला पिवळट उजेड आठवला. त्या उजेडात एक लांब काहीतरी होतं. डोंगर होते का? असतील. मी धुकं शोधलं. डोक्यात सगळीकडे शोधलं. मी त्या चित्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"थांब इथेच," मी म्हणाले आणि आत पळाले.

बोळातून धावताना कुणीतरी "अहो, अहो" करत मागे आलं. पडदा ओढलेला होता, त्याच्यामागचं दार लावून घेतलेलं. मी दारावर थापा मारल्या. त्याच बाई बाहेर आल्या आणि दार मागे धरून उभ्या राहिल्या.

"मला बघू द्या," मी म्हणाले. "मला दिसतं. मला एकच गोष्ट बघायचीये."

"काढला हो पट," त्या म्हणाल्या. "गुंडाळतायत."

"मग तुम्ही सांगा. धुकं रंगवलंय की नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वेडी झाले असं त्यांना वाटलं असणार. "मला नाही सांगता येणार, ताई. मी लोकांकडे लक्ष ठेवते."

मी परत आले. तो होता तिथेच, कठड्याला धरून. माझी पावलं त्याने ओळखली.

"कुठे गेली होतीस?"

खोटं बोलायला काय लागतं? रंगवलं होतं म्हणायचं, किंवा सोडलं होतं म्हणायचं. दोन्हींतलं एक. पण ज्या प्रश्नावर त्याने सगळं आयुष्य घालवलं, त्याचं उत्तर मी मनाने द्यायचं?

"मी पाहिलं नाही रे," मी म्हणाले. "मी पाहिलंच नाही. तुझ्याकडेच बघत बसले."

खाली झाडाखालून ह्यांनी आम्हाला पाहिलं आणि हात हलवला. पाण्याची बाटली घेऊन ते उठले. धाकट्याला ते दिसलं नाही, आणि मलाही हात हलवता आला नाही.

"निदान तू तरी बघायचं होतंस गं," तो म्हणाला.

आयुष्यात त्याने मला कधी दोष दिला नव्हता. मी तिथेच, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, हमसून हमसून रडले. तो ऐकत उभा राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि मी तो धरला, कारण पुढे पायऱ्या होत्या.